आजोबांचा ‘मर्फी’ वाजता करावा की नुसता पुसून ठेवावा?

चेंदणीकर (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या ठाण्याच्या जुन्या घराचं अखेर पुनर्विकासाचं ठरलं आणि माळा उपसायची वेळ आली. तांब्याचा बंब निघाला, दोन पाटे निघाले, माझी पाचवी ते सातवीची प्रगतिपुस्तकं निघाली (जाळली) आणि सगळ्यात आत, गोधडीत गुंडाळलेला आजोबांचा मर्फी.

व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, म्हणजे आत ट्रान्झिस्टरऐवजी बल्बसारख्या काचेच्या नळ्या. लाकडी खोकं, दीडपावणेदोन फूट रुंद. पुढे सोनेरी धाग्याचं कापड, त्याचा उजवा कोपरा उंदरांनी खाल्लाय. बटणं चार, त्यातलं एक केव्हातरी हरवलं आणि त्या जागी कुणीतरी टूथपेस्टचं झाकण दाबून बसवलंय. नावाची पितळी पट्टी पडून गेली आहे, तिच्या खिळ्यांची दोन भोकं तेवढी दिसतात, एक किंचित वर, एक किंचित खाली. पण मर्फी कंपनीचा हे नक्की, कारण घरात जन्मापासून सगळे त्याला मर्फीच म्हणत आलेत. ‘मर्फीवर कपडे टाकू नकोस’, ‘मर्फीमागे चावी ठेवली आहे’ वगैरे.

आता घरात तीन पक्ष आहेत. बाबा म्हणतात, नव्या घरात जागा नाही, द्या भंगारात. बायको म्हणते, आतला कचरा काढून ब्लूटूथ बसवू, मस्त दिसेल. आत्या म्हणते, त्याला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. आजोबा शिक्षक होते, १९५५ साली आख्ख्या आळीने गीतरामायण याच रेडिओवर ऐकलं असं ती सांगते.

माझा प्रश्न साधा आहे. हा पुन्हा वाजेल का? आणि वाजवावा का? मी कॉमर्सवाला, इस्त्रीची पिन बदलता येते एवढीच माझी विद्या. उद्या सकाळी प्लग लावून बघणार आहे.

अर्धवट

प्रगतिपुस्तकं जाळलीत? पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे.

खरखर

प्लग लावू नका. बाकी नंतर लिहितो, गाडी चालवतोय. प्लग लावू नका.

अर्धवट

खरखरकाका, गाडी चालवताना टंकू नका. बाकी नंतर बोलू.

मोगरा

अगदी आमच्या कऱ्हाडच्या माडीवर नेऊन बसवलंत. आमच्याकडे रेडिओला क्रोशाचा रुमाल होता आणि रुमालावर फुलदाणी. बातम्या लागायच्या आधी फुलदाणी खाली, बातम्या संपल्या की वर. आणि ती एरियलची तांब्याची जाळी आठवते का कुणाला? तीन-चार बोटं रुंद, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गट्टू. चिमण्या तिच्यावर येऊन बसायच्या आणि आजोबा म्हणायचे, "हाकला त्यांना, सिलोन हलतंय."

लायसन्सचं पुस्तकही होतं. वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे आणि पुस्तकात शिक्का घ्यायचा. एका वर्षी भरायचे राहिले तर आजीने आठवडाभर रेडिओवर पांघरूण घातलं होतं. तपासनीस आला तर म्हणे "आजारी आहे" सांगायचं. रेडिओ की कोण, ते ठरलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात ते लायसन्स रद्द झालं, पण पुस्तक अजून माझ्याकडे आहे.

जुनाबाजार

वा, धागा आमच्या गल्लीत आला! माझ्याकडे सध्या अकरा आहेत, त्यातले सात वाजतात, दोन गुणगुणतात आणि दोन बायकोने दिवाणाखाली ढकललेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर असतेच माझी.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण मी पोळलोय. डायलची काच आतल्या बाजूने पुसू नका! वरून धूळ झटका, पुढून पुसा, पण स्टेशनांची नावं मागच्या बाजूला छापलेली असतात आणि साठ वर्षांत तो रंग नुसता काचेवर टेकून बसलेला असतो. माझ्या पहिल्या रेडिओला मी उत्साहाने काच पुसायचं निळं पाणी मारलं. फडकं एकदा फिरवलं, सिलोन गेलं. दुसऱ्यांदा फिरवलं, दिल्ली आणि लाहोर एकदम गेले. तिसऱ्यांदा फिरवलं नाही. तो रेडिओ उत्तम वाजतो, फक्त काटा कशावर थांबलाय ते कळत नाही.

अर्धवट

फाळणी झाली तेव्हा लाहोर गेलं, दिल्ली तरी राहिली होती. तुम्ही एका फडक्यात दोन्ही.

खरखर

घरी पोचलो. आता सविस्तर. माझं अख्खं आयुष्य सोल्डरच्या धुरात गेलं आहे, त्यामुळे सूर जरा मास्तरकीचा लागेल, चालवून घ्या.

पन्नास-साठ वर्षं बंद असलेल्या सेटला थेट वीज दिली तर काय होतं? आतले फिल्टर कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून सपाट करणारे डबे, सुकलेले असतात. त्यांच्यातला पडदा इतकी वर्षं व्होल्टेज न मिळाल्याने विरलेला असतो. वीज मिळताच ते शॉर्टसारखे वागतात, आणि मग रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मर, जो आधी हार मानेल तो जळतो. ट्रान्सफॉर्मर जळाला की तसाच बाजारात मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो.

दुसरा खलनायक म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा मेणकागदी कंडेन्सर. एवढासा, बोटाच्या पेराएवढा. तो गळायला लागला की ग्रिडवर नको ते धन व्होल्टेज पोचतं, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, आतली प्लेट अंधारात लालबुंद दिसते आणि पाच-दहा मिनिटं छान गाणं वाजून सेट कायमचा बसतो. ‘चालू केला तेव्हा मस्त वाजला हो, मग अचानक वास आला’ ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली आहे. तो कंडेन्सर तपासत बसायचं नाही, सरळ बदलायचा. ०.०१ मायक्रोफॅराड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर, वडापावच्या किमतीत येतो.

करायचं ते असं. सिरीज बल्ब बनवा. साधा, तारेचा, पिवळा, साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब सेटच्या फेजमध्ये मालिकेत. एलईडी चालणार नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्ह आधी काढून ठेवा म्हणजे हाय टेन्शन (आतलं मोठं व्होल्टेज) तयारच होणार नाही, आणि मग वीज द्या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, आत व्हॉल्व्हच्या तारा केशरी दिसू लागल्या, तर ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे, पुढे जायला हरकत नाही. बल्ब पूर्ण उजेडात पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढा आणि चहा घ्या.

आणि मुख्य प्रश्न उरलाच. तुमचा सेट एसी आहे की एसी-डीसी? मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हवरचे नंबर वाचून सांगा. पुसू नका, वाचा. ते आकडेही बोटाने जातात.

चेंदणीकर

बाप रे. प्लग लावला नाही. बायको म्हणते, त्या खरखरकाकांना माझा नमस्कार सांग.

पुठ्ठा काढला. आत मेलेली पाल, एक पंचवीस पैशाचं नाणं आणि भरपूर वाळलेला कोळिष्टकांचा कापूस. मोबाईलचा टॉर्च मारून वाचलेलं: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८०. ईएल ८४ वर बीईएल असं लिहिलंय, दोनांवर फिलिप्स, बाकीच्यांवर वाचता येत नाही. पुढे डायलच्या वर एक आडवी काचेची नळी आहे, तिच्यावर काहीच नाही.

निळूभाऊ

एक वेगळं मत मांडू का? शिव्या बसणार, तरी मांडतो. हे सगळं करून वाजणार काय? मीडियम वेव्हवर आज ऐकायला आहे किती, आणि शॉर्टवेव्ह तर जवळजवळ ओस पडलाय. मी माझ्या काकांचा रेडिओ घेतला, आतलं पत्र्याचं सगळं काढलं, चायनाचा ॲम्प्लिफायर आणि ब्लूटूथ बसवलं, स्पीकर नवा टाकला. रोज सकाळी त्यावर भीमसेन ऐकतो. पाहुणे बघून वेडे होतात. शोकेसमध्ये मुका बसलेला रेडिओ बरा की हा?

खरखर

वाड्याच्या दर्शनी भिंती ठेवून आत मॉल बांधला, तर तो वाडा राहतो का?

निळूभाऊ

मॉलमध्ये एसी असतो काका.

जुनाबाजार

निळूभाऊ, काढलेलं पत्र्याचं सगळं टाकलंत की आहे? असेल तर मी घेतो. गंभीरपणे विचारतोय.

निळूभाऊ

आहे गच्चीत, कुंडीखाली. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खरखर

कुंडीखाली.

आइंडहोवनकर

खरखर यांना पाणी द्या कुणीतरी.

मी राहतो फिलिप्सच्या गावात, त्यामुळे या नंबरांशी रोजचं नातं. इथल्या फिलिप्स संग्रहालयात व्हॉल्व्हच्या कपाटासमोर उभं राहिलं की ही लिपी आपोआप पाठ होते. पहिलं अक्षर तापणाऱ्या तारेचं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअर, सगळ्या तारा एकामागे एक जोडायच्या. पुढची अक्षरं आत काय आहे त्याची. बी म्हणजे दोन डायोड, सी ट्रायोड, एफ पेंटोड, एच हेक्सोड किंवा हेप्टोड, एल आउटपुटचा दांडगा पेंटोड, एम हिरवा डोळा, वाय एकपदरी रेक्टिफायर, झेड दुपदरी. आकड्यातला आठ म्हणजे नऊ टाचण्यांचा काचेचा पाय.

तेव्हा धागाकर्त्यांचा सेट असा वाचायचा: ईसीएच ८१ बाहेरून आलेल्या लहरीला ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास आणून सोडतो, ईएफ ८९ तिला वाढवतो, ईबीसी ८१ तिच्यातून आवाज सोलून काढतो, ईएल ८४ स्पीकर हलवतो. आणि ईझेड ८० दुपदरी आहे म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर असणारच. यूवाय असता तर मी घाबरलो असतो. वरची आडवी नळी बहुतेक मॅजिक आय असावी, म्हणजे स्टेशन किती नीट लागलंय ते दाखवणारा तोच हिरवा डोळा.

खरखर

बरोबर. आणि ते ‘घाबरलो असतो’ का, ते इतरांसाठी. काही भागात घरी डीसी वीज यायची, ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही, म्हणून एसी-डीसी सेट निघाले. स्वस्तही पडायचे. त्यात मेन्सची एक तार सरळ चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला. प्लग उलटा बसला की आख्खा पत्रा फेज. बटण निघालेलं असेल आणि खालच्या लोखंडी दांड्याला बोट लागलं तर तो शेवटचा कार्यक्रम. मुंबईत एका दुकानाने मला असा सेट ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ करून दिला होता, मागचा पुठ्ठा न लावता, आणि चासीचे स्क्रू तळाला उघडे ठेवून. मी वर उचलायला हात घातला आणि थेट कपाटावर आपटलो. तेव्हापासून यू मालिकेच्या सेटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावत नाही, आणि चालू सेटमध्ये बोटं घालायची वेळ आली तर डावा हात खिशात.

चेंदणीकरांचा सेट सुरक्षित जातीचा आहे, पण आत अडीचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ राहतात. बटणाजागी टूथपेस्टचं झाकण आहे ते बरंच आहे, प्लास्टिक आहे.

मोगरा

बीईएल म्हणजे बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ना? त्यांनी व्हॉल्व्ह १९६१ पासून बनवायला घेतले. मग १९५५ सालचं गीतरामायण याच रेडिओवर कसं ऐकलं असेल? आत्यांना त्रास द्यायचा नाही, नुसती शंका.

जुनाबाजार

व्हॉल्व्ह बदललेला असू शकतो की. ईएल ८४ सगळ्यात जास्त राबतो, तोच आधी जातो. एका व्हॉल्व्हवरून रेडिओचं वय ठरवणं म्हणजे कवळीवरून आजोबांचं.

पण मला दुसरीच शंका आहे. चेंदणीकर, ती दोन भोकं वरखाली आहेत म्हणालात. कारखान्यातून आलेल्या खोक्याला अशी भोकं नसतात हो, साच्याने पाडलेली असतात. डायलच्या काचेचा जवळून फोटो टाका ना.

म्हापसेकर

देव बरें करूं. जरा अवांतर करतो, कारण तुम्ही सगळे मुंबई-पुण्याच्याच रेडिओबद्दल बोलताय. गोव्यात ६१ च्या आधी भारतातला माल कमी आणि युरोपातला मुबलक, त्यामुळे आमच्या घरांत मर्फी-बुश नाहीत, ग्रुंडिग आणि टेलिफुंकन सापडतात. पियानोसारख्या पांढऱ्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि यूकेडब्ल्यू लिहिलेला पट्टा. म्हणजे एफएम हो! तेव्हा आमच्याकडे एफएम स्टेशन कुठे होतं, पट्टा नुसता शोभेला. आता एफएम आलं, तर त्या पट्ट्याचा काटा शंभरावर येऊन भिंतीला टेकतो आणि पुढची सगळी स्टेशनं भिंतीपलीकडे.

पणजीला पोर्तुगीजांचं ‘एमिसोरा द गोवा’ होतं. पण आमचे बाबा सांगायचे ते दुसऱ्याच स्टेशनबद्दल. १९५५ पासून मुक्तीपर्यंत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ जंगलातून चालवलं वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी, आंबोलीचं रान, मग कॅसल रॉक. ते ऐकायचं म्हणजे दारं लावायची, आवाज इतका बारीक करायचा की स्पीकरला कान लावावा लागे. त्यात मॅजिक आयचा हिरवा उजेड खिडकीबाहेर दिसू नये म्हणून माझी आजी रेडिओपुढे गुडघे टेकून, तस्बिरीपुढे बसल्यासारखी बसायची. शिपाई आला तर प्रार्थना चालली आहे!

तो टेलिफुंकन माझ्याकडे आहे. हिरवा डोळा आता जवळजवळ आंधळा आहे. नवी नळी मिळते, पण मी बदलली नाही.

मोगरा

म्हापसेकर, यावर वेगळा धागा काढा, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

अर्धवट

+१. टंकाळा (टंकायचा कंटाळा) करू नका.

चेंदणीकर

मागच्या आठवड्यात ऑफिसने पिळलं. आज सिरीज बल्ब केला, वायरमन शेजाऱ्याला बाजूला उभा करून. ईझेड ८० काढून ठेवला. प्लग लावला. बल्ब भपकन पेटला, मंद झाला, आणि आत चार केशरी ठिपके हळूहळू उजळले. डायलमागचा दिवा लागला. साठ वर्षांची धूळ तापल्याचा वास सुटला, जुन्या पुस्तकांच्या कपाटात धूप घातल्यासारखा. आत्या तिथेच पाटावर बसली होती. ती काही बोलली नाही, पण लगेच उठलीही नाही.

पुढे काय करू? कंडेन्सर ठाण्यातच एका दुकानात मागितले तर त्याने मला पंख्याचे दाखवले.

खरखर

छान. आता यादी. फिल्टरचे दोन, ४५० व्होल्टचे. पहिला ५० मायक्रोफॅराडच्या वर नेऊ नका. मोठा घातला की घुमणं कमी होतं म्हणून लोक १०० घालतात आणि ईझेड ८० दोन महिन्यांत मारतात. बाकी सगळे मेणकागदी एकेक करून बदला. एक काढला, एक लावला, फोटो घेतला, मग पुढचा. सगळे एकदम कापलेत तर परत मला फोन कराल आणि मी उचलणार नाही. अभ्रकाच्या कंडेन्सरना आणि आयएफच्या (त्या ४५५ किलोहर्ट्झच्या लहरीच्या) डब्यांना हात लावायचा नाही. त्या डब्यांचे स्क्रू फिरवून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. फिरवू नका. रेडिओ वाजत नसेल तर तो त्या स्क्रूंमुळे नाही, आणि फिरवल्यावर मात्र त्यांच्यामुळेच वाजणार नाही.

नंतर ईएल ८४ च्या कॅथोडवर मीटर लावा. सात-साडेसात व्होल्ट आले तर प्रकृती उत्तम. दहा-बारा दिसले तर लगेच बंद.

माल लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत. ‘व्हॉल्व्ह सेटचे’ म्हणून सांगा, तरुण पोराला नको, गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला विचारा.

जुनाबाजार

डायलची दोरी तुटली असेल तर नायलॉनची घालू नका, ताणते आणि पुलीवर घसरते. विणलेली, खरखरीत दोरी हवी. काट्याची फेरी कशी होती त्याचं चित्र काढून ठेवा, नाहीतर दोरी बसेल पण काटा उलटा पळेल. माझा पळतो. पुणं उजवीकडे येतं.

खोक्याला दुकानातलं चकचकीत पॉलिश नको. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करा आणि रेषेच्या दिशेने हलक्या हाताने हात मारत राहा. सात-आठ हात, मध्ये वाळू द्यायचं. पावसात करू नका, पांढरं पडतं.

निळूभाऊ

बरं, मी शरण आलो आहे अर्धा. कुंडीखालची चासी जुनाबाजार यांना दिली. आता एक तडजोडीचा सल्ला: बऱ्याच सेटना मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. ब्लूटूथचा एवढासा डबा त्यात जोडला की मोबाईलवरचं गाणं त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच स्पीकरमधून येतं. काहीही कापायचं नाही.

खरखर

या वाक्यासाठी निळूभाऊंचे सगळे गुन्हे माफ. फक्त ट्रान्सफॉर्मरच्या सेटलाच. यू मालिकेला जोडून मोबाईल हातात धराल तर चासीवरची फेज हातात येईल.

अर्धवट

आज धाग्यावर समेट झालाय. जपून ठेवा, पुन्हा दिसणार नाही.

चेंदणीकर

सगळ्यांना सांगायचं आहे, पण लांबलचक आहे, बसा.

रविवारी खालचं फळकूट काढलं, चासी उलटी केली. जुनाबाजार, तुमची शंका बरोबर निघाली. आत मर्फीचं काही नाही. ट्रान्सफॉर्मरवर नावच नाही, व्हॉल्व्ह तीन कंपन्यांचे, आयएफचे डबे चौथ्याच, जोडण्या मात्र इतक्या सुबक की शेजारच्या वायरमनने हात जोडले. आणि खोक्याच्या तळाला आतून शाईच्या पेन्सिलने लिहिलंय: ‘मास्तर. २२५ पैकी १०० पोच. ६३.’

फोटो आत्याला दाखवला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "कळलं का शेवटी?"

हकिकत अशी. आमच्या शेजारी राहायचे ते ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्याकडे खरा मर्फी, भिंतीवर ओठांवर बोट ठेवलेलं ते बाळाचं कॅलेंडर. ५५ साली गीतरामायण आळीने ऐकलं ते त्यांच्या खिडकीखाली, आमच्या नाही. मोगरा, तुम्हाला साष्टांग. आत्या सांगायची ते ‘मर्फीवर ऐकलं’ असं. कोणाचा मर्फी ते आम्ही पोरांनी ठरवून टाकलं.

६३ ला आजोबांनी रेडिओ घेतला तो एका मेकॅनिककडून जोडून घेतलेला, हप्त्याने. कंपनीचा सेट परवडणारा नव्हता. पट्टी अशी त्याला कधी नव्हतीच. आजोबांनी आणल्या रात्रीच हातातल्या सामत्याने (भोक पाडायच्या सुतारी हत्याराने) पुढे दोन भोकं पाडली, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सांगितलं, "पट्टी वाटेत पडली हो टांग्यातून."

शेजाऱ्यांनी चाळीस वर्षं ते मानलं. कारखान्यात होते, बघताक्षणी त्यांना कळलं असणार.

मोगरा

अहो.

आइंडहोवनकर

असे जोडलेले सेट घरोघरी असायचे. साहित्याचा संच मिळायचा, काच मिळायची, खोकं सुताराकडून. संग्राहक त्यांना हिंग लावून विचारत नाहीत, त्यामुळे फार थोडे उरलेत. बाबांना सांगा, भंगारवाल्याकडे जाणार नाहीये तो.

जुनाबाजार

सामत्याने! म्हणून वरखाली.

चेंदणीकर, विकणार असाल तर... जाऊ दे, काही नाही.

चेंदणीकर

विकत नाही. काल रात्री कंडेन्सर पुरे झाले. कॅथोडवर ७.२ आले, काका. पहिल्यांदा नुसता मोठ्ठा करकर आवाज. मग खोलीतले एलईडी बंद केले, राऊटर बंद केला, बायकोच्या मोबाईलचा चार्जर काढला, शेजाऱ्यांनाही सांगून झालं, तेव्हा कुठे ५५८ वर मुंबई आली. कुणीतरी मराठीत भाताच्या रोपांवरच्या खोडकिड्याबद्दल सांगत होतं. आम्ही चौघांनी अंधारात बसून सगळा खोडकिडा ऐकला. आडवी नळी खरंच हिरवी झाली.

ब्लूटूथचा डबा आणलाय, मागच्या भोकात बसेल. बायको खूश आहे.

पॉलिशचं दिवाळीनंतर बघू. कापड काय लावू ते सुचवा, आत्याने तिची जुनी इरकल काढून दिली आहे पण ती घट्ट विणीची आहे.

खरखर

इरकल नको, आवाज कोंडेल. कापडाला ओठ लावून फुंकर मारा, पलीकडे तळहाताला लागली तर चालेल. काठाची पट्टी मात्र कडेने लावता येईल.

भोकं बुजवू नका.

अर्धवट

आणि टूथपेस्टचं झाकण?

चेंदणीकर

ते बाबांनी बसवलेलं निघालं. आता तेच म्हणतायत, हात लावायचा नाही.